डेटा लागणार आहे का?

संगणक दुरुस्तीच्या दुकानात काउंटरपलीकडचा मुलगा स्क्रू काढता काढता, मान वर न करता विचारतो, "काका, डेटा लागणार आहे का? नसेल तर फॉरमॅट मारून देतो, संध्याकाळी घेऊन जा." त्याच्या बाजूने प्रश्न रास्तच आहे. नव्याने विंडोज टाकून द्यायची तर काम अर्ध्या दिवसाचं. आतलं सगळं काढून ठेवून मग टाकायची तर किती वेळ जाईल आणि काय हाती लागेल, याची हमी तो देऊ शकत नाही. गिऱ्हाईक मात्र इथे अडखळतं. आत नेमकं काय काय आहे, हे त्याने कधी बघितलेलंच नसतं. बारशाचे फोटो? ते मोबाइलमध्ये असतील बहुधा. सोसायटीचा हिशेब? तो सेक्रेटरींना मेल केल्याचं आठवतंय. आणि आईने म्हटलेल्या ओव्यांचं रेकॉर्डिंग? ते याच्यातच. दुसरीकडे कुठेच नाही.

मुलगा डिस्क बाहेर काढतो, दुसऱ्या मशिनला जोडतो आणि कानाशी नेतो. टक्, टक्, टक्. थोडी शांतता. पुन्हा टक्, टक्. "उडालीय, काका."

हा आवाज कशाचा, हे समजून घ्यायचं तर डिस्क चालते कशी ते बघावं लागेल. ते बघितलं की ती बिघडते याचं आश्चर्य ओसरतं आणि इतकी वर्षं चालली कशी, याचंच नवल वाटू लागतं.

हे तंत्र १९५६ सालचं. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे आयबीएमच्या प्रयोगशाळेत रेनॉल्ड जॉन्सन यांच्या चमूने पहिली हार्ड डिस्क बनवली. दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या, वजन सुमारे एक टन, आणि मावायचं किती, तर ५० लाख अक्षरं. आज मोबाइलवर काढलेला एक चांगला फोटो तेवढी जागा खातो. त्या यंत्रात वाचणारं-लिहिणारं हेड तबकडीपासून २० मायक्रॉनवर असे आणि ते तसं राहावं म्हणून दाबाखालची हवा सोडावी लागे. तळहातावर मावणाऱ्या आजच्या डिस्कमध्ये हे अंतर अवघ्या काही नॅनोमीटरवर आलं आहे. माणसाचा केसच ७०-८० हजार नॅनोमीटर जाड असतो. तबकडी फिरताना सोबत जी हवा ओढून नेते, तिच्याच पापुद्र्यावर हेड तरंगतं. टेबलावरच्या संगणकातली डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे तबकडीची कड ताशी सुमारे १३० किलोमीटरने धावत असते. एवढ्या वेगात, एवढ्या जवळून, चुंबकत्वाचे अतिसूक्ष्म ठिपके वाचता यावेत यासाठी जे भौतिकशास्त्र लागलं, त्याचा शोध १९८८ मधला. त्याबद्दल अल्बेअर फेर आणि पेटर ग्रुनबेर्ग यांना २००७ चं नोबेल मिळालं.

अशा यंत्राला धक्का बसला, आत कण गेला किंवा बेअरिंग झिजलं, तर हेड तबकडीला घासतं. वरचा चुंबकी थर खरवडला जातो. त्या खरवडीची पूड आतच फिरत राहते आणि आणखी ठिकाणी घासते. तबकडीवर हेडला आपली जागा कळावी म्हणून कारखान्यातच खुणा लिहिलेल्या असतात. हेड दुखावलं की त्या खुणा सापडत नाहीत. मग हेडची दांडी टोकापर्यंत जाते, अडते, परत येते, पुन्हा शोधायला निघते. टक्, टक् ती याची.

आपल्याकडे डिस्क उडाली की पहिला आरोप विजेवर होतो. भारनियमनाच्या दिवसांत तो सहज पटायचाही. प्रत्यक्षात वीज अचानक गेल्याने हेड तबकडीवर आपटत नाही. फिरत्या तबकड्यांच्या गतीतूनच क्षणभर वीज तयार होते आणि तेवढ्यात हेड सुरक्षित जागी जाऊन बसतं, अशी सोय डिस्कमध्येच केलेली असते. वीज जाताना नुकसान होतं ते त्या क्षणी लिहिल्या जाणाऱ्या फाइलचं. खरा धोका वीज परत येताना असतो. जादा दाबाचा लोंढा आला तर डिस्कखालची हिरवी पट्टी जळू शकते. मग इंटरनेटवरचा एखादा शहाणा सांगतो, त्याच मॉडेलची पट्टी आणून लावा. पूर्वी हे चालून जायचं. आता त्या पट्टीवरच्या एका चिपमध्ये नेमक्या त्याच डिस्कची मोजमापं साठवलेली असतात. ती चिप किंवा तिच्यातला मजकूर नव्या पट्टीवर नेल्याशिवाय डिस्क ओळख दाखवत नाही.

डिस्क आधी सूचना देते का? कधी कधी. स्वतःची नाडी स्वतः तपासण्याची एक यंत्रणा तिच्यात असते, तिला स्मार्ट म्हणतात. किती जागा खराब झाल्या, किती वेळा वाचायला जमलं नाही, याची ती नोंद ठेवते. गूगलच्या तीन अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दोन गोष्टी ठळक दिसल्या. तपासणीत वाचनाची पहिली चूक सापडली, की पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क जाण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या तुलनेत ३९ पट होते. म्हणजे सूचना आलीच तर ती गंभीर. दुसरी गोष्ट याच्या उलट: बिघडलेल्या डिस्कांपैकी ३६ टक्क्यांहून अधिकांनी, तापमान सोडलं तर, कसलीच खूण दाखवली नव्हती. काल रात्री नीट बंद केलेला संगणक सकाळी उठला नाही, असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो.

नव्या लॅपटॉपमध्ये फिरणारं काही नसतं. तिथे एसएसडी असते, फ्लॅश चिपांची. या चिपांची कल्पना तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांची, १९८० च्या दशकातली. बारीक कप्प्यात इलेक्ट्रॉन कोंडून ठेवायचे, ते आहेत की नाहीत यावरून मजकूर वाचायचा. लॅपटॉप पडला तरी हिला फारसं काही होत नाही. म्हणून लोक निश्चिंत होतात, आणि तिथेच फसतात. ही जाते तेव्हा बहुधा तिचा नियंत्रक जातो. आवाज नाही, कुरकुर नाही, संगणकाला अशी काही वस्तू जोडलेली आहे हेच कळेनासं होतं. शिवाय कोंडलेले इलेक्ट्रॉन हळूहळू गळतात. घरगुती वापराच्या एसएसडीसाठीचं उद्योगाचं मानक एवढंच मागतं, की लिहिण्याची पूर्ण मर्यादा संपल्यावर वीज न देता ३० अंश तापमानात ठेवली, तर तिने वर्षभर मजकूर धरून ठेवावा. नवी डिस्क याहून खूप जास्त टिकते. तरी जुनी झालेली एसएसडी नागपूरच्या मे महिन्यात माळ्यावर टाकून द्यायची वस्तू नाही.

पुसलेल्या फाइलचंही दोन्हीकडे वेगळं होतं. फिरत्या डिस्कवर फाइल डिलीट केली म्हणजे ग्रंथालयाच्या यादीतून पुस्तकाचं नाव खोडलं, एवढंच. पुस्तक कपाटात तसंच असतं, त्या जागी दुसरं येऊन बसेपर्यंत. म्हणून फोटोरेकसारखी फुकट मिळणारी साधनं तिथे खरोखर काम करतात. एसएसडीला मात्र संगणक लगेच कळवतो, की ही जागा आता नको आहे. ती सवडीने कप्पे रिकामे करून टाकते. काही मिनिटांनी तिथे शोधायला काही उरत नाही.

घरच्या डिस्कचा अंत मला वाटतं निम्म्या वेळा ती बिघडल्यामुळे होत नाही. बिघडल्यानंतरच्या तासाभरात आपण जे करतो, त्याने होतो. संगणक चालू-बंद, चालू-बंद. विंडोज विचारते, डिस्क तपासून दुरुस्त करू का? आपण हो म्हणतो. ही दुरुस्ती डिस्कची घडी नीट बसवण्यासाठी असते, तुमच्या फाइली वाचवण्यासाठी नसते. जे तुकडे जुळत नाहीत ते ती बेलाशक छाटते. घासणाऱ्या हेडला तबकडीभर फिरवते ते वेगळंच. कोणीतरी सांगतो, डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर तिच्यावर दव धरतं, आणि काही नॅनोमीटरच्या फटीत पाण्याचा थेंब म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. हा उपाय अजून का सांगितला जातो, कोण जाणे.

टक् टक् ऐकू आली की करण्यासारखं एकच आहे: वीज काढा आणि थांबा. आवाज नसेल, डिस्क दिसत असेल, फक्त काही फाइली उघडत नसतील, तर जाणकाराकडून आधी पूर्ण डिस्कची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढून घ्यावी. डीडीरेस्क्यू नावाचं मोफत साधन यासाठीच आहे. ते सुदृढ भाग आधी उचलून घेतं आणि दुखऱ्या भागाकडे नंतर वळतं. मग जे काही प्रयोग करायचे ते नकलेवर. हेडच गेलं असेल तर काम प्रयोगशाळेचं. एका घनफूट हवेत अर्ध्या मायक्रॉनहून मोठे शंभरापेक्षा जास्त कण नसलेल्या जागेत डिस्क उघडतात, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचं हेड काढून तिला बसवतात, आणि ते टिकेल तेवढ्या वेळात वाचून घेतात. लॅमिंग्टन रोडवर किंवा बुधवार पेठेत 'डेटा रिकव्हरी'ची पाटी दिसली, तर आत अशी खोली आहे का, हे विचारायला संकोच करू नये. टेबलावर, पंख्याखाली डिस्कचं झाकण उघडणाऱ्याचे मनापासून आभार मानावेत आणि डिस्क उचलून घरी यावं.

आता दुसरी बाजू. दुसरी प्रत ठेवली होती, तरीही गेलं, अशा गोष्टी जास्त शिकवतात.

१९९८ मध्ये पिक्सारमध्ये 'टॉय स्टोरी २' चं काम चालू असताना कोणीतरी सर्व्हरवर पुसण्याचा एक आदेश चुकीच्या ठिकाणी दिला. ओरेन जेकब आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या डोळ्यांदेखत वुडी या पात्राच्या फाइली नाहीशा होऊ लागल्या. मशिनची वायर उपटेपर्यंत चित्रपटाचा मोठा भाग गेला होता. हरकत नव्हती, टेपवर बॅकअप घेतला जायचा. पण तो उतरवून पाहिल्यावर कळलं, की बरेच दिवस बॅकअप अर्धवटच होत होता आणि कोणाला पत्ता नव्हता. चित्रपट वाचला तो एका घरगुती संगणकामुळे. तंत्रदिग्दर्शिका गॅलिन ससमन यांना बाळ झालं होतं, म्हणून त्या घरून काम करत आणि घरच्या मशिनवर चित्रपटाची एक प्रत उतरवून घेत. ते मशिन ब्लँकेटात गुंडाळून, गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून, जपून ऑफिसात आणलं गेलं. (पुढे दिग्दर्शकांना कथाच पटली नाही आणि चित्रपट बहुतेक नव्याने केला गेला, हा भाग ही गोष्ट सांगणारे सहसा गाळतात.)

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत थकलेल्या अभियंत्याने चुकून मुख्य डेटाबेस पुसला. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरलं. बॅकअपच्या पाच पद्धती कागदावर होत्या, त्यांतली एकही धड चालत नव्हती. एक बॅकअप आवृत्ती न जुळल्याने होतच नव्हता. तो होत नसल्याचे इशारे ईमेलने निघत, पण वाटेतच नाकारले जात. सहा तासांपूर्वी एका अभियंत्याने दुसऱ्याच कामासाठी हाताने एक प्रत काढली होती. तिच्यावर सगळं निभावलं, सहा तासांचा मजकूर मात्र गेला.

जिथे या कामासाठी पगारी माणसं असतात तिथे ही गत. घरी आपण एकदा एका दिवाळीत एक्स्टर्नल डिस्क आणतो, 'न्यू फोल्डर' करून त्यात सगळं कॉपी करतो, आणि ती कपाटात साड्यांखाली जाते. ती पुन्हा उघडते थेट संगणक गेल्यावर. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या लग्नांच्या सीडी घरोघरी अशाच निघतात. घरी लिहिलेल्या सीडीवर मजकूर रंगद्रव्याच्या थरात असतो आणि उजेड-उष्म्याने तो थर विटतो. बॅकअप घेतला की नाही, हा माझ्या मते दुय्यम प्रश्न आहे. त्यातून काही परत काढून पाहिलं का, हे विचारावं. दर दोन-तीन महिन्यांनी प्रतीतली एखादी जुनी फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडून बघणं, हे प्रती वाढवत बसण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

हल्ली उत्तर येतं, "सगळं क्लाउडवर आहे." असेलही. पण ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हचं जे फोल्डर संगणकावर दिसतं, ते बहुतेक वेळा जुळवून ठेवलेलं असतं. इथे पुसलं की तिथेही पुसतं. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल ३० दिवस थांबते, मग जाते. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजची अमर्याद फुकट जागाही संपली. १५ जीबी भरले की नवे फोटो वर चढणं थांबतं, आणि ती सूचना आपण रोज बाजूला सारत राहतो. खंडणीखोर व्हायरसही अशा जोडलेल्या प्रतींपर्यंत पोहोचतात. फुकटात फोटोशॉप हवं म्हणून 'क्रॅक' उतरवणाऱ्यांच्या संगणकांत शिरणारा स्टॉप नावाचा व्हायरस फाइलींना कुलूप घालतो, आणि त्या वेळी जी एक्स्टर्नल डिस्क जोडलेली असेल तिलाही सोडत नाही. सतत जोडून ठेवलेली प्रत ही सोय आहे खरी, पण काम झालं की तिची वायर काढावी.

पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने छायाचित्रांच्या व्यवस्थापनावर लिहिताना एक नियम लोकप्रिय केला: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. पहिले दोन आकडे लोक पाळतात, तिसरा टाळतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. अशा वेळी संगणक आणि त्याच टेबलाच्या खणातली डिस्क यांच्यात फरक उरत नाही. बहिणीच्या घरी एक डिस्क ठेवावी, तिची आपल्याकडे. वर्षातून दोनदा, भाऊबीज आणि राखीपौर्णिमेला, अदलाबदल सहज होते.

एवढ्या मोठ्या डिस्का कुठून आणायच्या, ही तक्रारही खरी नाही. आधार, गुणपत्रिका डिजिलॉकरवर पुन्हा मिळतात. चित्रपट, गाणी, सॉफ्टवेअर पुन्हा उतरवता येतं. जे पुन्हा मिळणार नाही ते आश्चर्य वाटावं इतकं थोडं असतं. ३०० पानांचा मराठी मजकूर साधा साठवला तर दीड-दोन एमबी. दहा हजार फोटो ४० जीबीच्या आसपास. घरी टॅलीवर हिशेब ठेवत असाल, तर त्यातच बॅकअपची सोय आहे. सीए मागतील तेव्हाच ती वापरायची, असा काही नियम नाही.

एक वस्तू कागदावर हवी. नव्या विंडोजचे बरेच लॅपटॉप डिस्क आपोआप सांकेतिक करून ठेवतात. मदरबोर्ड गेला, डिस्क धडधाकट राहिली, तरी ४८ अंकी किल्लीशिवाय ती उघडत नाही. ती किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते आणि ते खातं कोणत्या ईमेलवर काढलं, हे दुकानातल्या मुलाने स्वतःच्या मनाने ठरवलेलं असतं. ते अंक लिहून पासबुकाशेजारी ठेवावेत, आणि घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी ते कुठे आहेत हे माहीत असावं.

मराठी घरांत आणखी एक घोळ आहे आणि त्याकडे फार कमी लोकांचं लक्ष असतं. फाइल सापडते, उघडते, आणि पडद्यावर येतात रोमन अक्षरं, स्वल्पविराम, चौकोन, डॉलरची चिन्हं. डिस्क ठीक आहे, प्रतही ठीक आहे. मजकूर श्री-लिपी, आकृती किंवा सी-डॅकच्या आयएसएममध्ये टाइप केलेला आहे. या पद्धतींत रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत: काना वेगळा, वेलांटी वेगळी, अर्धा 'श' वेगळा. तो फाँट नसेल तर संगणकाला तिथे मराठी आहे हे कळायला मार्ग नाही. विंडोजमध्ये देवनागरी युनिकोड २००० साली मंगल फाँटबरोबर आलं, पण डीटीपीवाले आणि त्यांच्याकडून कुलवृत्तांत, स्मरणिका, कवितासंग्रह करून घेणारे पुढे कितीतरी वर्षं जुन्याच फाँटांवर राहिले, कारण पेजमेकरला युनिकोड कळत नव्हतं. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. त्यात श्री-लिपी, आकृतीसारख्या सॉफ्टवेअरांना संगणकाच्या मागे लावायचा लॉक लागे. तो हरवला की विकत घेतलेलं सॉफ्टवेअरही मुकं.

असे मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधनं आहेत. ती चालवण्याआधी फाइल कोणत्या फाँटात आहे हे नक्की ठाऊक असावं लागतं, आणि ते सांगणारा बहुधा तो जुना संगणकच असतो. तो सुरू होतोय तोवर त्याच्यावर मूळ फाइल उघडून तिची पीडीएफ काढून घ्यावी, म्हणजे अक्षर कसं दिसायला हवं याचा पुरावा राहतो. फाँटची फाइलही सोबत कॉपी करावी. मग रूपांतर करून पीडीएफशी ताडून वाचावं. रफार भलत्या अक्षरावर गेलेला सापडतो, 'ऱ्या' आणि 'र्या' यांची अदलाबदल होते, ऱ्हस्व वेलांटी एक घर सरकलेली असते. दीडशे पानांच्या कुलवृत्तांताला दोघांनी मिळून दोन रविवार पुरतात, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने बघायचं. तोवर जुना संगणक आणि त्याच्या मागचा लॉक भंगारवाल्याला देऊ नये.